वाचक विचारतात : जड अवशेषासाठी वाहक कोणता निवडावा?

दोन अंकांपूर्वी या सदरात कच्च्या तेलाच्या तळाशी उरणाऱ्या जड अवशेषातून हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक कसे काढतात, याविषयी लिहिले होते. त्यात वाहकाचा उल्लेख एका वाक्यापुरता होता : निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम हे क्रियाशील धातू ज्या सच्छिद्र पदार्थावर पसरवतात तो वाहक, आणि रिफायनरीत तो बहुतेक वेळा ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, असतो; वाहक आणि धातू मिळून उत्प्रेरक होतो. बडोद्याच्या वाचकांचे तेवढ्याने समाधान झालेले दिसत नाही. शहरालगत कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि नोकरीने, शिक्षणाने किंवा व्यवसायाने तिच्याशी जोडलेली मराठी घरे इथे पुष्कळ आहेत, त्यामुळे आलेली पत्रे नेमकी आहेत आणि काही तर चांगलीच अडचणीत टाकणारी आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : मी ॲल्युमिना, टायटॅनिया (टायटॅनियमचे ऑक्साइड) आणि सक्रिय कार्बन या तीन वाहकांवर मॉलिब्डेनम चढवून थायोफीन या गंधकयुक्त छोट्या रेणूच्या चाचणीत त्यांची तुलना केली. मॉलिब्डेनमच्या प्रत्येक अणूमागे टायटॅनियावरचा वेग ॲल्युमिनाच्या सुमारे तिप्पट आला, आणि कार्बनही ॲल्युमिनाच्या पुढे गेला. असे असताना जड अवशेषासाठी रिफायनऱ्या ॲल्युमिनाच का धरून बसल्या आहेत? (संशोधक विद्यार्थिनी, राजमहाल रोड, बडोदा)

आपले मोजमाप बरोबर असणार. टायटॅनियावरील मॉलिब्डेनम सल्फाइड अणूगणिक तीन-चार पट वेगाने काम करते, असे अनेक प्रयोगशाळांना आढळले आहे आणि त्याची कारणेही बऱ्यापैकी उलगडली आहेत. ॲल्युमिनावर मॉलिब्डेनमचे ऑक्साइड ऑक्सिजनच्या दुव्यांनी पृष्ठभागाला घट्ट धरून बसते; सल्फाइड करताना ते सगळे दुवे सुटत नाहीत, आणि भाजताना कोबाल्टचा किंवा निकेलचा काही भाग ॲल्युमिनाच्या स्फटिकात शिरून कायमचा निकामी होतो. डेन्मार्कमधील टॉप्से यांच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात या अर्धवट बांधलेल्या अवस्थेला पहिला प्रकार आणि मोकळ्या, पूर्ण सल्फाइड झालेल्या अवस्थेला दुसरा प्रकार अशी विभागणी केली. दुसरा प्रकार अधिक क्रियाशील असतो, आणि कार्बनची पकड सैल असल्याने त्याच्यावर तो सहज तयार होतो. टायटॅनियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : हायड्रोजनच्या वातावरणात टायटॅनियमचे काही अणू स्वतःच क्षपित होऊन मॉलिब्डेनमकडे इलेक्ट्रॉन सरकवतात.

अडचण आपल्या वाहकांत नाही, ती थायोफीनमध्ये आहे. थायोफीनचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासचा, त्यात धातू नाही, आणि गंधक सुटले की ते हायड्रोजन सल्फाइड होऊन वायूबरोबर निघून जाते. नळीत मागे जवळजवळ काही उरत नाही. व्हॅक्यूम स्तंभाच्या, म्हणजे कमी दाबाखाली तेल उकळून वेगळे करणाऱ्या उंच पात्राच्या, तळाचा अवशेष म्हणजे साधारण ५४० अंश सेल्सिअसपर्यंत जे उडाले नाही ते सर्व. त्यात अस्फाल्टीन असतात, म्हणजे हेप्टेनमध्ये न विरघळणारे पण टोल्युइनमध्ये विरघळणारे मोठे, चपटे, अनेक कड्यांचे रेणू, जे एकमेकांना चिकटून काही नॅनोमीटरचे झुबके करतात. आणि त्या झुबक्यांत निकेल व व्हॅनेडियम अडकलेले असतात. हे धातू सुटले की त्यांना बाहेर जायला वाट नसते. ते सल्फाइड होऊन जिथे सुटले तिथेच, रंध्राच्या भिंतीवर, बसतात आणि त्या घाणीच्या थरावर पुढची घाण बसते.

किती बसतात, याचा हिशेब कागदावर करता येतो आणि तो आपण स्वतः एकदा करून पाहावा. एक घनमीटर उत्प्रेरक घ्या, वजन साधारण ५५० किलो. त्याच्यावरून ताशी ०.२ घनमीटर अवशेष जातो असे धरले, तर ८००० तासांत, म्हणजे जवळपास एका वर्षात, १६०० घनमीटर, म्हणजे साधारण तितकेच टन अवशेष जाईल. त्यात निकेल व व्हॅनेडियम मिळून टनामागे १०० ग्रॅम असतील आणि त्यातले ७० टक्के निघत असतील, तर वर्षअखेर उत्प्रेरकात ११० किलोहून थोडा जास्त धातू साचेल. सल्फाइडच्या रूपात तोच सुमारे २०० किलो होतो. म्हणजे ५५० किलो मालावर २०० किलो परका माल! टनामागे १०० ग्रॅम हा आकडा मी मुद्दाम मध्यम घेतला आहे. व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात नुसते व्हॅनेडियमच टनामागे हजार ग्रॅमच्या वर असते.

याच हिशेबाची दुसरी पायरी मला अधिक बोलकी वाटते. त्या २०० किलो सल्फाइडची घनता साडेचारच्या आसपास धरली, तर त्याचे आकारमान ४५ लिटर भरते. उत्प्रेरकाच्या प्रत्येक ग्रॅमला ०.७ मिलिलिटर रंध्रे असतील, तर एकूण मोकळी जागा ३८५ लिटर होते. म्हणजे वर्षभराचा सगळा धातू समान पसरला असता, तर त्याने रंध्रांचा फक्त आठवा-नववा हिस्सा व्यापला असता आणि उत्प्रेरक आणखी बराच काळ चालला असता. प्रत्यक्षात तो समान पसरत नाही. वापरलेला दाणा मधोमध आडवा कापून त्याच्या छेदावरून इलेक्ट्रॉन शलाका कडेपासून मध्यापर्यंत फिरवली, तर व्हॅनेडियमची रेषा कडेपाशी उंच चढते आणि आत जाता जाता घसरत मध्याजवळ जवळजवळ तळाला टेकते. निकेल त्या मानाने खोलवर पोचलेले दिसते. दाण्याचा गाभा कोरा राहिलेला असताना रंध्रांची तोंडे बुजलेली असतात, आणि त्या कोऱ्या गाभ्यातले महागडे मॉलिब्डेनम कधीच कामाला आलेले नसते.

म्हणून माझे मत असे आहे की अवशेषाच्या बाबतीत वाहकाचे रसायन थोड्या दिवसांचे असते आणि त्याची रंध्ररचना शेवटपर्यंतची. पहिल्या काही दिवसांत कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, झपाट्याने साचून त्याची पातळी बऱ्यापैकी स्थिरावते, त्यानंतर धातू सावकाश पण अखंड साचत राहतो. काही आठवड्यांनी आत येणाऱ्या अस्फाल्टीनच्या रेणूला भिंतीवर टायटॅनियाही दिसत नाही आणि ॲल्युमिनाही दिसत नाही. दिसते ते कोक आणि व्हॅनेडियम सल्फाइड. हे व्हॅनेडियम सल्फाइड स्वतःच पुढच्या रेणूंतला धातू काढायला थोडीफार मदत करते, त्यामुळे आपण मोजलेली तिप्पट तोवर बरीचशी विरलेली असते. वाहकाकडून तेव्हा फक्त एवढेच हवे असते की तोंडे उघडी राहावीत आणि आत जागा असावी.

टायटॅनियाची दुसरी अडचण मोजमापाच्या रीतीत दडलेली आहे. आपण अणूगणिक तुलना केलीत, बरेच जण ग्रॅमगणिक करतात, पण रिफायनरीत पोलादी रिॲक्टरचे आकारमान ठरलेले असते, म्हणून तुलना लिटरमागे व्हायला हवी. गॅमा या सच्छिद्र रूपातल्या ॲल्युमिनाचे पृष्ठफळ ग्रॅममागे २०० चौरस मीटर आणि थराची घनता ०.५५ धरली, तर एक मिलिलिटर थरात ११० चौरस मीटर मिळतात. ॲनाटेज या स्फटिकरूपातल्या टायटॅनियाचे पृष्ठफळ ७० च्या आसपास धरले आणि कमी सच्छिद्रतेमुळे थराची घनता जवळजवळ १ आली, तर मिलिलिटरमागे ७० चौरस मीटर. मॉलिब्डेनम दोन्हींवर सारख्याच दाटीने पसरवले, तर अणूगणिक तिप्पट असलेला फायदा लिटरमागे दुपटीच्या आत येतो. त्यात टायटॅनियाचा दाणा ठिसूळ, आणि तापमान वाढले की ॲनाटेजचे रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपात रूपांतर होऊन उरलेले पृष्ठफळही जाते. ॲल्युमिनाच्या रंध्रांना आतून टायटॅनियाचा पातळ थर देणे हा यावरचा समंजस मार्ग आहे, आणि रिॲक्टरच्या शेवटच्या थरात, जिथे धातू आधीच गाळला गेलेला असतो आणि उरते ते हट्टी गंधक, तिथे त्याचा उपयोग होतो. आघाडीच्या थरात मात्र तो पैसा वाया जातो.

आपल्या प्रबंधासाठी माझी सूचना अशी. थायोफीनची चाचणी ठेवा, पण तिला वाहकाच्या रसायनाची चाचणी म्हणा. तिच्या जोडीला खरा अवशेष घेऊन किमान काही आठवडे चालणारी चाचणी करा. तिच्यात एकाच तापमानाला रूपांतर किती घसरते ते न पाहता, रूपांतर तेवढेच राखण्यासाठी तापमान दर आठवड्याला किती अंशांनी वाढवावे लागते ते नोंदवा, कारण रिफायनरीत हेच करतात आणि तापमानाची मर्यादा गाठली की उत्प्रेरकाचे आयुष्य संपले असे मानतात. घाई असेल तर जास्त धातूचे तेल वापरून वय लवकर वाढवता येते. मात्र असे केल्याने धातूची आतली मांडणी बदलते, याची नोंद प्रबंधात स्पष्ट असावी.

प्रश्न : मी प्रक्रिया विभागातून निवृत्त झालो आहे. रंध्रांची तोंडे बुजतात हेच जर मुख्य दुखणे असेल, तर रंध्रे सरळ शंभर-दोनशे नॅनोमीटरची का करत नाहीत? (जवाहरनगर)

करतात, पण थोडीच. रंध्र रुंद केले की तेवढ्याच पोकळीतले भिंतीचे क्षेत्रफळ कमी होते. रंध्रे नळीसारखी धरली तर पृष्ठफळ म्हणजे पोकळीच्या चौपटीला व्यासाने भागून येणारा आकडा. ग्रॅममागे ०.७ मिलिलिटर पोकळी असेल, तर १० नॅनोमीटर व्यासाला २८० चौरस मीटर, २० ला १४० आणि ५० ला अवघे ५६. दुसऱ्या बाजूला रेणूची वाट आहे. रेणूचा व्यास रंध्राच्या निम्मा झाला की तो भिंतींना घासत, अडखळत जातो. त्यासाठी वापरात असलेले एक सोपे सूत्र असे : रेणूच्या व्यासाला रंध्राच्या व्यासाने भागावे, तो भाग १ मधून वजा करावा आणि उरलेल्या अपूर्णांकाचा चतुर्थ घात घ्यावा. ५ नॅनोमीटरचा झुबका १० नॅनोमीटरच्या रंध्रात शिरला तर त्याची गती मोकळ्या द्रवातल्या गतीच्या सोळाव्या हिश्शावर येते. २० च्या रंध्रात ती साधारण एकतृतीयांश राहते. ५० च्या रंध्रात दोनतृतीयांशाच्या जवळ जाते.

हे दोन आकडे एकमेकांशी गुणून पाहावेत. दहावरून विसाला जाताना गती पाचपट होते आणि क्षेत्रफळ निम्मे, म्हणजे निव्वळ फायदा अडीचपट. विसावरून पन्नासला जाताना गती जेमतेम दुप्पट होते आणि क्षेत्रफळ दोनपंचमांशावर येते, म्हणजे तोटा सुरू होतो. आकडे ढोबळ आहेत आणि झुबक्याचा आकार बदलला की तेही बदलतील. पण धातू काढणाऱ्या उत्प्रेरकाची मुख्य रंध्रे १५ ते ३० नॅनोमीटरच्या आसपास आणि गंधक काढणाऱ्याची १० च्या आसपास का ठेवतात, हे यातून दिसते.

आपण म्हणता ती शंभर-दोनशे नॅनोमीटरची रंध्रे आघाडीच्या थरातील उत्प्रेरकात थोड्या प्रमाणात मुद्दाम ठेवतात. त्यांच्यातून झुबके गाभ्यापर्यंत पोचतात आणि तिथून बाजूच्या लहान रंध्रांत वळतात. त्यासाठी बोहेमाइटच्या, म्हणजे भाजल्यावर ॲल्युमिना होणाऱ्या पदार्थाच्या, ओल्या लगद्यात नंतर जळून जाणारी भुकटी मिसळतात, किंवा भाजलेल्या ॲल्युमिनाला उच्च तापमानाला वाफ देऊन बारीक कण एकमेकांत विलीन होऊ देतात. ॲल्युमिना टिकून राहिला त्याचे खरे श्रेय मी याला देतो : सुमारे ५०० अंशांना भाजून गॅमा रूप मिळते, तापमान व वाफ वाढवत नेली की रंध्रे रुंदावत जातात, आणि तरीही दाणा हातात घेऊन चुरडला जाईल इतका कच्चा होत नाही. सिलिकावर ही मोकळीक मिळत नाही, शिवाय मॉलिब्डेनम तिच्यावर नीट न पसरता गोळा होतो.

मोठ्या रंध्रांची किंमत शेवटी दाण्याच्या मजबुतीत चुकवावी लागते. स्थिर थराच्या रिॲक्टरमध्ये तळाच्या दाण्यावर वरच्या कित्येक मीटर थराचे वजन आणि वाहत्या तेलाचा दाब असतो. दाणे चुरले की भुकटी थरात अडकते, दाबाची घट वाढते आणि उत्प्रेरक रासायनिक दृष्ट्या जिवंत असतानाही संयंत्र बंद करावे लागते. आपण नोकरीत हे नक्की पाहिले असेल. वाट आखूड करण्याचा दुसरा उपाय रंध्रांत हात न घालता करता येतो : दाणा बारीक करावा, किंवा त्याचा छेद गोल न ठेवता बेलाच्या पानासारखा त्रिदल करावा, म्हणजे गाभा कडेपासून फार दूर राहत नाही आणि दाण्यांमधून तेलाला वाटही मोकळी मिळते.

प्रश्न : कोयलीत कोकर (जड अवशेष तापवून त्यातला कार्बन घन रूपात काढणारे संयंत्र) आहे आणि त्यातून पेटकोक, म्हणजे कोळशासारखा घन पदार्थ, निघतो. त्यालाच सक्रिय कार्बन करून वाहक म्हणून वापरला, तर घरचाच माल घरी नाही का लागणार? (वाचक, मांजलपूर)

कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यावर काम झालेले आहे. कार्बनच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी जागा कमी असतात, त्यामुळे अस्फाल्टीन त्याच्यावर कमी कोक करतात, आणि मॉलिब्डेनम सल्फाइड दुसऱ्या, अधिक क्रियाशील प्रकारात तयार होते. वापरून झालेला उत्प्रेरक जाळला की कार्बन निघून जातो आणि मागे व्हॅनेडियम, निकेल, मॉलिब्डेनमने समृद्ध अशी राख उरते, जिच्यातून धातू काढणे ॲल्युमिनातून काढण्यापेक्षा सोपे. कार्बनवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की तो हवेत जाळून पुनरुज्जीवित करता येत नाही. हा आक्षेप मला तितकासा वजनदार वाटत नाही, कारण व्हॅनेडियमने भरलेला ॲल्युमिनाचा उत्प्रेरकही जाळून पुन्हा वापरण्याच्या योग्यतेचा उरत नाही. जाळल्याने कोक जातो, धातू जात नाही.

खरा अडथळा रंध्रांचाच आहे. पेटकोक मुळात घट्ट असतो, त्याला स्वतःचे पृष्ठफळ जवळजवळ नसते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवून ग्रॅममागे २००० चौरस मीटरच्या वर पृष्ठफळ मिळवता येते आणि शोधनिबंधात हा आकडा डोळे दिपवतो. पण त्यातले बहुतेक पृष्ठफळ २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद रंध्रांत असते. ५ नॅनोमीटरच्या झुबक्याला ती रंध्रे असली काय नि नसली काय. अवशेषासाठी कार्बन वापरायचाच, तर काजळीच्या सूक्ष्म गोळ्या बांधकाने जोडून त्यांच्यामधल्या फटींची मध्यम रंध्रे तयार करणे हा अधिक उपयोगी मार्ग आहे. त्यालाही मजबुती बेताची असते, आणि घनता कमी असल्याने लिटरमागे माल कमी बसतो.

आपल्या पत्रातला दुसरा भाग, म्हणजे कोकर असताना हायड्रोजनीकरणाची गरजच काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. थोडक्यात, कोकर अवशेषातला जादा कार्बन घन रूपात बाहेर टाकतो आणि धातूही त्या कोकबरोबर जातात. हायड्रोजनीकरण कार्बन तसाच ठेवून हायड्रोजन घालते, त्यामुळे द्रव इंधन जास्त मिळते, पण हायड्रोजन, शंभर ते दोनशे बारचा दाब आणि उत्प्रेरक या तिन्हींचा खर्च येतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. जड अवशेष तसाच जहाजांना विकण्याची सोपी वाट तेव्हापासून अरुंद झाली आहे.

प्रश्न : शाळेत आम्ही झिओलाइटला, म्हणजे अतिसूक्ष्म रंध्रांच्या स्फटिकाला, उत्तम उत्प्रेरक म्हणून शिकवतो. हायड्रोजनच्या साहाय्याने जड तेलाचे रेणू तोडणाऱ्या, कोयलीच्या हायड्रोक्रॅकरसारख्या संयंत्रांत तसे उत्प्रेरक चालतात, तर अवशेषाला का चालत नाहीत? (विज्ञान शिक्षिका, दांडिया बाजार)

हायड्रोक्रॅकरला दिला जाणारा माल वेगळा असतो, म्हणून. कोयलीचा हायड्रोक्रॅकर १९९३ मध्ये सुरू झाला आणि तो देशातला पहिला. अशा संयंत्रात व्हॅक्यूम गॅस ऑइल घेतात, म्हणजे व्हॅक्यूम स्तंभात वर उडालेला भाग. धातू आणि अस्फाल्टीन बहुतांशी तळाशी राहिलेले असतात. वाय झिओलाइटची दारे सुमारे ०.७४ नॅनोमीटरची असतात. गॅस ऑइलचे रेणू, तेही आधी नायट्रोजन काढून घेतल्यावर, त्यांच्याशी जुळवून घेतात. अस्फाल्टीन दाराशीच अडतात, आणि झिओलाइटच्या तीव्र आम्लधर्मी जागांवर त्यांचा कोक लगेच तयार होतो. सिलिका-ॲल्युमिनाचीही कथा याच अंगाने जाते : आम्लधर्म वाढला की रेणू तुटण्याचे प्रमाण वाढते आणि कोकही वाढतो.

मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये एमसीएम-४१ आणि कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९९८ मध्ये एसबीए-१५ या एकसारख्या, मोठ्या रंध्रांच्या सिलिका जाहीर केल्या, तेव्हा अवशेषाचा प्रश्न सुटेल अशी आशा अनेकांना वाटली होती. विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांची षटकोनी जाळी फार सुरेख दिसते. पण लांब, सरळ, एकमेकींना बहुधा न मिळणाऱ्या नळ्यांची तोंडे बुजली की अख्खी नळी बाद होते, तर ॲल्युमिनाच्या वेड्यावाकड्या, एकमेकांत उघडणाऱ्या रंध्रांत एक वाट बंद झाली तरी दुसरी शोधता येते. एमसीएम-४१ च्या भिंती तर पातळ असल्याने वाफेपुढे टिकतही नाहीत.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा खनिजे दळण्याचा छोटा कारखाना आहे. कच्छचा बॉक्साइट आणि बेंटोनाइट आम्हाला सहज मिळतो. त्यापासून अवशेषासाठी स्वस्त वाहक करता येईल का? (उद्योजक, बडोदा)

स्थिर थराच्या मुख्य रिॲक्टरसाठी नाही. आघाडीच्या संरक्षक थरासाठी कदाचित. आणि तेलात मिसळून एकदाच वापरायच्या भुकटीसाठी विचार करण्यासारखे आहे.

नैसर्गिक खनिजांपासून अवशेषाचे उत्प्रेरक करणे नवे नाही. सेपिओलाइट ही तंतुमय माती जपानी चियोदा कंपनीने अस्फाल्टीन तोडण्याच्या आपल्या प्रक्रियेत वाहक म्हणून वापरली, कारण तिच्या तंतूंच्या मध्ये रुंद रंध्रे आपोआप मिळतात. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ जर्मनीत कोळशाच्या आणि जड तेलाच्या हायड्रोजनीकरणात वापरला गेला; त्यातले लोह सल्फाइड होऊन थोडेफार काम करते आणि माल इतका स्वस्त की तो परत मिळवण्याची गरज भासत नाही. भुकटी तेलातच फिरवण्याच्या आधुनिक प्रक्रियांत तर काही ठिकाणी वाहकच नसतो : मॉलिब्डेनमचे तेलात विरघळणारे संयुग घालतात, ते तापून अतिसूक्ष्म सल्फाइड होते आणि रंध्रे बुजण्याचा प्रश्नच निर्माण होत नाही. इटलीत सान्नाझारो येथे एनी कंपनीने याच धर्तीवर मोठे संयंत्र उभारले आहे. त्या पद्धतीत अडचण उलट असते, बारीक मॉलिब्डेनम तेलातून वेगळे करून पुन्हा फिरवावे लागते.

आपल्या खनिजांच्या बाबतीत दोष दोन आहेत. बेंटोनाइटचे थर पाण्यात फुगतात खरे, पण भाजल्यावर मिटतात, आणि खांब घालून उघडे ठेवले तरी फटी एक-दोन नॅनोमीटरच्याच राहतात. बॉक्साइट भाजल्यावर ग्रॅममागे शंभर-दीडशे चौरस मीटर पृष्ठफळ देऊ शकतो, पण खाणीच्या एका भागातला माल दुसऱ्या भागातल्या मालाशी जुळत नाही, आणि उत्प्रेरक घेणाऱ्याला प्रत्येक खेप सारखी हवी असते.

खर्चात पडण्यापूर्वी दोन चाचण्या आपल्याकडेच करता येतील. १० ग्रॅम भाजलेला, कोरडा, खडबडीत कुटलेला माल काचेच्या चंचुपात्रात घ्या आणि ब्युरेटमधून थेंबाथेंबाने पाणी सोडत काडीने हलवत राहा. पाणी रंध्रांत शिरत असेपर्यंत माल कोरडा दिसतो आणि मोकळा खुळखुळतो. रंध्रे भरली की पुढच्या एक-दोन थेंबांनी दाणे अचानक एकमेकांना आणि पात्राच्या भिंतीला चिकटतात. तोवर लागलेले मिलिलिटर भागिले १० म्हणजे ग्रॅममागची पोकळी. ती ०.५ च्या खाली आली, तर धातू साठवण्याच्या दृष्टीने त्या मालात फार दम नाही असे समजावे. दुसरी चाचणी सोडियमची आणि ती बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी, कारण सोडियम क्रियाशील जागा मारते आणि भाजताना रंध्रे आकसण्याला हातभार लावते. धुऊनही ते टक्क्याच्या दशांशाखाली येत नसेल, तर तो बॉक्साइट वाहकासाठी सोडून द्यावा आणि भुकटीच्या वापरासाठी लोहाचे प्रमाण तपासावे. रंध्रांच्या व्यासांची विभागणी पाऱ्याच्या पोरोसिमीटरवर मोजतात. ते उपकरण सहसा मोठ्या संशोधन संस्थांत किंवा विद्यापीठांत असते, आणि नमुना पाठवताना भाजण्याचे तापमान व वेळ लिहून पाठवले नाही, तर येणाऱ्या आकड्यांचा आपल्याला काहीच उपयोग होणार नाही.